मन खचलेले असताना समुपदेशकाची पारख कशी करावी?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

"ताई, मी खानापूर तालुक्यातला, वय २६. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो, मग बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. पाच वर्षे उद्यमबागेतल्या एका कारखान्यात व्हीएमसी मशीनवर (धातूचे भाग कापणाऱ्या संगणकीय यंत्रावर) आहे. दिवाळीच्या आधी माझ्या हातून टूल ऑफसेट (मशीनमध्ये भरायचा हत्याराच्या मापाचा आकडा) चुकीचा भरला गेला आणि हाउसिंगचा अख्खा लॉट रिजेक्ट झाला. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. तेव्हापासून रात्री झोप नाही, शिफ्टला निघताना छातीत धडधडतं, जेवण जात नाही. एवढंही जमत नाही म्हणजे मी या कामाच्या लायकच नाही, असं सारखं वाटतं. राजीनामा देऊन सरकारी परीक्षेचा अभ्यास करावा की पुण्याला जावं, काही सुचत नाही. आई म्हणते, दृष्ट लागली. मित्राने एका समुपदेशक बाईंचं कार्ड दिलंय. त्यावर 'मानसिक आरोग्य व करिअर थेरपी' असं आहे आणि नावापुढे बरीच अक्षरं आहेत. त्यांचं शिक्षण खरं कसं ओळखायचं? मन आणि नोकरी एकच माणूस बघू शकतो का? काय करायचं ते त्या सांगतील का? आणि कारखान्यात कळलं तर?"

उत्तर:

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत आणि चारही विचारण्याजोगे आहेत. पैसे देऊन ज्या व्यक्तीसमोर आपण मन उघडे करणार, तिची चौकशी करण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. डॉक्टरांच्या पाटीवरची पदवी आपण वाचतोच, तशीच समुपदेशकाचीही वाचावी आणि समजली नाही तर विचारावी.

मात्र त्याआधी तुमच्या तब्येतीविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. झोप उडणे, भूक मंदावणे, कामावर निघताना धडधडणे आणि स्वतःविषयीचा हा कठोर निवाडा या गोष्टी सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्या, तर त्यांच्याकडे नैराश्य किंवा चिंताविकाराच्या शक्यतेने पाहावे, असे मानसोपचारशास्त्र सांगते. तुमच्या बाबतीत दोन आठवडे केव्हाच उलटून गेले आहेत. म्हणून कोणत्याही समुपदेशकाकडे जाण्याआधी किंवा निदान त्याच सुमारास एकदा डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा दोष, रक्तातील कमी झालेले हिमोग्लोबिन आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळते. तुम्हाला थर्ड शिफ्ट असते की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण पाळी दर आठवड्याला बदलत राहिली की झोपेचे चक्र बिघडते आणि बिघडलेली झोप उदासी वाढवते. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि धारवाडची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था, म्हणजे डिमहान्स, दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे. दोन्ही सरकारी आहेत, त्यामुळे खर्चाची धास्ती बाळगू नका.

आणि एक प्रश्न मी तुम्हाला सरळ विचारते, कारण तो विचारल्याने तसे विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करावी असे मनात येते का? येत असेल तर पुढचा मजकूर नंतर वाचा, आधी घरातल्या एका माणसाला सांगा आणि १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. फोन करायला परिस्थिती अगदी हाताबाहेर गेलेली असावी लागते असे नाही. रात्री दोन वाजता झोप येत नाही, एवढे कारणही पुरेसे आहे.

आता त्या कार्डाविषयी. या क्षेत्रात तीन वेगळ्या प्रकारची माणसे काम करतात आणि लोक त्यांना सरसकट 'मनाचे डॉक्टर' म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मानसोपचारात एम.डी. किंवा तत्सम पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि या तिघांत औषध लिहून देण्याचा अधिकार फक्त त्यांना असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ही परिषद १९९२ च्या कायद्याखाली काम करते, आणि आजवर यातील बहुतेकांनी मानसशास्त्रातील एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर रुग्णालयात राहून दोन वर्षांची एम.फिल. केलेली आहे. त्यांचा नोंदणी क्रमांक असतो आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पडताळता येतो. तिसरे समुपदेशक. यांच्यात मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि वर्षानुवर्षांचा अनुभव असलेले लोक आहेत, तसेच शनिवार-रविवारचे प्रमाणपत्र घेऊन पाटी लावणारेही आहेत, आणि पाटी मात्र दोघांची सारखीच दिसते. अशा व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, पण गावोगावच्या पाट्यांची शहानिशा त्याने अजून तरी तुमच्या वतीने केलेली नाही. ती तुम्हालाच करायची आहे.

नावापुढची अक्षरे मोजून काही हाती लागणार नाही. फोन करून वेळ ठरवतानाच विचारा की तुमची मूळ पदवी कशातली आहे, कोणत्या विद्यापीठाची आहे, आणि शिकत असताना प्रत्यक्ष माणसांसोबतचे काम तुम्ही कुणाच्या देखरेखीखाली केले. या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देते. पुस्तक वाचून परीक्षा देता येते, परंतु समोर बसलेला माणूस रडू लागल्यावर किती वेळ गप्प राहायचे हे कुणीतरी जाणता माणूस शेजारी बसून दाखवतो तेव्हाच उमगते. चांगले समुपदेशक पुढेही आपल्याहून अनुभवी व्यक्तीशी, नाव-गाव उघड न करता, आपल्या कामाची चर्चा करीत राहतात. त्या बाईंनी या प्रश्नाचे मोकळेपणाने उत्तर दिले तर तो मला शुभसंकेत वाटेल. 'माझ्यावर विश्वास नाही का?' असे उत्तर आले तर दुसरे दार शोधा.

याच न्यायाने माझ्याविषयीही सांगणे मला बंधनकारक वाटते. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही. धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. केले, त्यानंतर एका ज्येष्ठ चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली काम शिकले आणि आज बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील तरुण मुलांसोबत प्रामुख्याने काम करते. निदान करणे आणि औषध देणे हा माझा अधिकार नाही. म्हणून जिथे लक्षणे तीव्र दिसतात, तिथे मी मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी देते आणि पुढचे काम त्यांच्या सल्ल्याने करते. समुपदेशकाची लायकी जोखण्याची मला ठाऊक असलेली सर्वांत भरवशाची खूण हीच आहे की 'हे माझ्या आवाक्यातले नाही' असे म्हणायला तो कचरत नाही. पहिल्याच भेटीत 'सहा बैठकांत बरे करतो' अशी हमी देणाऱ्यापासून, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यापासून, आणि सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहा. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे जावे लागतात आणि त्या अचानक सोडल्या तर त्रास होतो, त्यामुळे त्यांविषयीचा निर्णय फक्त डॉक्टरांचा असतो.

आणखी एक गोष्ट फोनवरच विचारून घ्या, ती म्हणजे बोलणे कोणत्या भाषेत होईल. आपल्या भागात दुकानात कन्नड, कारखान्यात हिंदी आणि मोडके इंग्रजी, घरी मराठी असा आपला दिवस जातो आणि त्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. परंतु ज्या दिवशी सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापले त्या दिवशी पोटात काय झाले, हे सांगायला आईशी बोलतो तीच भाषा लागते. समुपदेशक कन्नडभाषक असल्या तरी हरकत नाही. बेळगावात दोन्ही भाषा जाणणारे पुष्कळ आहेत. तुम्ही मराठीत बोललात तर त्यांना ते सगळे कळते का, एवढेच पाहायचे आहे. संमतिपत्र इंग्रजीत असेल तर त्यातला प्रत्येक मुद्दा मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

मन आणि नोकरी एकाच माणसाने पाहावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. व्यवसाय-मार्गदर्शनाची सुरुवात अमेरिकेत फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनला काढलेल्या कार्यालयापासून मानतात. त्यांची मांडणी सोपी होती: माणसाने स्वतःला ओळखावे, कामाची माहिती घ्यावी आणि दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. पुढे डोनाल्ड सुपर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले की व्यवसायाची निवड एकदाच होऊन संपत नाही, ती आयुष्यभर चालते आणि मुलगा, नवरा, बाप, नागरिक या माणसाच्या इतर भूमिकांत ती गुंतलेली असते. तुमच्या पत्रातही हा गुंता दिसतो. ऑफसेटची चूक कारखान्यात घडली, पण झोप घरी उडाली. त्यामुळे दोन्ही शिकलेली एकच व्यक्ती मिळाली तर चांगलेच आहे. माझा आग्रह आहे तो क्रमाविषयी. मन खचलेले असताना नोकरीचा कायमचा निर्णय घेऊ नये. नैराश्यात माणसाला सगळे रस्ते बंद दिसतात आणि मग तो जे निवडतो ते बहुधा काहीतरी हवे म्हणून निवडलेले नसते, कशापासून तरी सुटका म्हणून निवडलेले असते. तुम्ही सरकारी परीक्षा आणि पुणे हे दोन पर्याय लिहिलेत, पण दोहोंपैकी एकाविषयीही 'मला हे आवडेल' असे एक वाक्य पत्रात नाही. त्यामुळे निदान पहिले काही आठवडे राजीनामा लिहू नका, आणि पहिल्याच भेटीत तुम्हाला कल चाचणी देऊन 'तुम्ही अमुक करा' असा निकाल हातात ठेवणाऱ्याचेही ऐकू नका.

मग त्या भेटीत होते तरी काय? पहिल्या एक-दोन भेटी ऐकण्यात जातात. झोप, जेवण, घर, पूर्वीचे आजार, दारू-तंबाखू हे सगळे विचारले जाते. त्यानंतर कामाची एक पद्धत ठरते. मी स्वतः बऱ्याचदा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आधार घेते. मराठी वाचकांपर्यंत ती कि. मो. फडके यांनी पोहोचवली, त्यामुळे तिची परिभाषाही आपल्याकडे रुळलेली आहे. तुमच्याच वाक्यावर ती कशी चालते ते पाहा. 'एवढंही जमत नाही म्हणजे मी या कामाच्या लायकच नाही.' यातली घडलेली गोष्ट एवढीच आहे की एका दिवशी एक आकडा चुकीचा भरला गेला. 'लायकच नाही' हा त्यावरचा तुमचा निष्कर्ष आहे, आणि धडधड होते ती मुख्यतः त्या निष्कर्षामुळे. मी तुम्हाला विचारीन की पाच वर्षांत तुम्ही किती सेटिंग केली असतील? त्या दिवशी फर्स्ट पीस, म्हणजे लॉटमधला पहिला नग, तपासायला गेला होता का, की उत्पादन अडू नये म्हणून तो तपासण्याआधीच लॉट लावायला सांगितले गेले? आकडा भरल्यावर दुसऱ्या कुणी तो पडताळण्याची पद्धत तुमच्याकडे आहे का? तुमचा मित्र हीच चूक करून आला असता तर 'तू नालायक आहेस' असे तुम्ही त्याला म्हणाला असता का? या प्रश्नांचा हेतू चूक झाकण्याचा नाही. चूक तुमची होती तर ती तुमचीच राहील, पण ती एका दिवसाची चूक राहील, तिचा आयुष्यभराचा शिक्का होणार नाही. त्यानंतर घरी करायचे काम असते. कामावर निघताना मनात आलेला विचार आणि त्या वेळची भीती दहापैकी किती, हे वहीत लिहून ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांची वही समोर आली की ठरावीक पाळीला, ठरावीक माणसासमोर किंवा ठरावीक जॉब लागला तरच भीती वाढते, असे काहीतरी बहुधा दिसते, आणि मग कशावर काम करायचे ते स्पष्ट होते.

झोप थोडी सावरली की नोकरीचा विषय काढावा. तिथे मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी अजून उपयोगी पडते. त्यांनी माणसांच्या कामाच्या आवडी सहा प्रकारांत मांडल्या: हाताने, यंत्रांवर करायचे काम; शोध घेण्याचे; कलेचे; माणसांना मदत करण्याचे; पुढाकाराचे व व्यापाराचे; आणि नोंदी-हिशेब नेटके ठेवण्याचे. बहुतेकांत दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते. परंतु अशा चाचण्यांविषयी मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना मला सावध करायचे आहे. चाचणी इंग्रजीत असेल, वेळ लावून सोडवायची असेल आणि तिचे गुण शहरी इंग्रजी माध्यमाच्या मुलांशी ताडून काढलेले असतील, तर ती तुमच्या बुद्धीइतकेच तुमचे इंग्रजीही मोजते, आणि कागदावर 'तर्कक्षमता कमी' असे छापून येते. अशा कागदाने खचलेली मुले मी पाहिली आहेत आणि मला त्याची चीड येते. चाचणी मराठीत उपलब्ध आहे का ते विचारा आणि तिच्या निकालाकडे चर्चेची सुरुवात म्हणूनच पाहा. तुमच्या पाच वर्षांच्या कामातच पुष्कळ माहिती आहे. कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळले नाही? नवीन जॉबचे सेटिंग, प्रोग्राममधली दुरुस्ती, नव्या मुलांना शिकवणे, की मोजमाप आणि तपासणी? एकाच मशीनसमोर उभे राहून यांपैकी प्रत्येक काम होते, आणि त्यांतल्या प्रत्येकातून निराळी वाट निघते.

माहिती काढायची ती नीट काढा. महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत, सीमाभागातील महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर अर्ज करता येतो. तुमचे गाव त्या यादीत आहे का ते पाहा. कर्नाटकच्या सेवांसाठी सक्तीच्या कन्नडच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हावे लागते, तेव्हा तुमचे लिहिण्या-वाचण्याचे कन्नड कितपत आहे याचा प्रामाणिक अंदाज घ्या. या परीक्षांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू शकतो, आणि घरी बसून एकट्याने वाट पाहणे हे उदास मनाला मानवत नाही, हेही हिशेबात धरा. यंत्रावरचेच काम हवे असेल तर पुण्याआधी बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीकडे पाहायला हरकत नाही. तिथे विमानांचे सुटे भाग बनतात आणि घर न सोडता कारखाना बदलता येतो. कदाचित तुम्हाला व्यवसाय बदलायचा नसेलच, फक्त तो सुपरवायझर बदलायचा असेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लक्षात आले असेल. काय करायचे ते त्या सांगणार नाहीत आणि सांगूही नये. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले की समुपदेशकाचा सच्चेपणा, समोरच्याचा विनाअट स्वीकार आणि त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे यांतून माणूस बदलतो. निर्णय मात्र त्याचा त्यालाच घ्यायचा असतो. सुरुवातीला तुम्हाला याचा राग येईल. आपण निर्णय मागायला गेलो आणि या बाई प्रश्नच विचारतात, असे वाटेल. तरी चार-पाच भेटी द्या. तोवर काहीच हलले नाही तर तसे त्यांना स्पष्ट सांगा. त्या पद्धत बदलतील किंवा दुसऱ्या कुणाकडे पाठवतील.

आईशी वाद घालू नका. दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्याने उपचाराला बाधा येत नाही. मुलाचे काहीतरी बिनसले आहे हे घरात सर्वांत आधी त्यांच्या लक्षात आले आहे. एका भेटीला त्यांना सोबत न्या आणि तुमच्या संमतीने समुपदेशकांना त्यांच्याशी बोलू द्या.

राहिला कारखान्याचा प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचारांविषयीची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा तुम्हाला हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाने मागणी केली तर, असे काही अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत तुम्हाला समजावून सांगायला हवेत. मालकाने फोन करून विचारले, हा त्या अपवादांत बसत नाही. तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर मानसोपचारही ईएसआयच्या दवाखान्यामार्फत मिळतात. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीच आणि वर्गणीचे आवश्यक दिवस भरलेले असतील, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा लागेल. समुपदेशकाचा कागद तिथे चालत नाही. म्हणून या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी बाईंना फोन करण्याआधी ईएसआयचे कार्ड शोधून ठेवा आणि पहिली फेरी दवाखान्याची करा.